सातचा भोंगा

१५ ऑगस्ट २०२२ पासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. नवखा पाहुणा आग लागली म्हणून चपला शोधायला लागावा, असाच तो आवाज. अर्थ मात्र साधा होता: टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरांनी पुस्तकं उघडायची. साडेआठला दुसरा भोंगा झाला की सुटका.

रोग कोरोनातला. कालपर्यंत ज्या मोबाइलला हात लावला म्हणून धपाटा मिळायचा, तोच बापानं हप्त्यावर आणून पोराच्या हातात दिला, कारण शाळा त्यात भरत होती. पुढे शाळा मोबाइलमधून बाहेर आली. पोरं आतच राहिली.

सरपंच विजय मोहिते यांनी उपाय सुचवला तेव्हा पुरुष मंडळी हसली. बायकांनी मात्र आपणही मालिका जास्तच बघतो, हे कबूल करून होकार दिला. सासूचं कारस्थान ऐन रंगात आलेलं असताना दीड तास सोडणं म्हणजे काय, हे हसणाऱ्यांना कुठून कळणार! या योजनेतली खरी हुशारी इथेच आहे. भोंगा पोरांपुरता नव्हता, थोरांनाही लागू होता.

एरवी घरोघरी ऐकू येतं ते ‘अभ्यासासाठी घेतोय’. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानं या वाक्याचा हिशेब मांडला आहे. ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या, मोबाइल वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

सगळा दोष पोरांचा नाही. पूर्वी वर्तमानपत्र संपायचं. क्रिकेट वाचून, अगदीच वेळ असला तर तळाशी मुद्रकाचं नाव वाचून माणूस अंघोळीला उठायचा. २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञानं कधीच न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली आणि अंघोळ लांबली. (पुढे त्यानं जाहीर पश्चात्ताप केला; पान काही संपलं नाही.) २००९ मध्ये फेसबुकनं ‘लाइक’चं बटण आणलं. तेव्हापासून सोळा वर्षांची मुलगी फोटो टाकते आणि दर दोन मिनिटांनी अंगठे मोजते. त्यातला एक आत्याचा असतो, पण आत्या शोकसंदेशालाही अंगठा देते, म्हणून तो धरायचा नाही.

इथवर हसून घ्यावं. २०२१ मध्ये फेसबुकच्याच माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीतली कागदपत्रं बाहेर काढली, त्यात कंपनीचीच पाहणी होती: स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के म्हणाल्या, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. मोबाइलमुळे मन खचतं की मन खचलं म्हणून मोबाइल सुटत नाही, यावर संशोधकांचं भांडण चालू आहे. रात्री दोनपर्यंत जागलेलं पोर सकाळी कसं दिसतं, यावर आयांचं एकमत आहे.

आणि थोर? ‘मुलांना मोबाइलपासून वाचवा’ हा संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर रात्री पावणेबाराला येतो आणि मिनिटाभरात त्याखाली सात जणांचे जोडलेले हात उमटतात. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. साठीपुढच्यांसाठी मात्र त्या कायद्यात एकही कलम नाही. त्यामुळे पहाटे पाचला गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ धाडणाऱ्या आजोबांना सिडनीतही कोणी अडवायचं नाही.