कोयंडा, कलम आणि साडेसाती

आमच्या वसाहतीत गेल्या महिन्यात लागोपाठ दोन बंद घरे फुटली, आणि दुसऱ्याच दिवशी, मजकूर कायमचा जुळवून ठेवलेला असून केवळ घरमालकाचे नाव व ऐवजाची रक्कम तेवढी बदलावयाची असते अशा थाटात, ‘अज्ञात चोरट्यांनी दरवाजाचा कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला, सामानाची उचकापाचक केली व ऐवज लंपास केला’ हे वृत्त छापून आले. हे वृत्त मी गेली चाळीस वर्षे वाचीत आलो आहे. या अवधीत जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, दंडविधानाची न्याय संहिता झाली, पण या वृत्तातला कोयंडा जागचा हलला नाही. म्हणजे वृत्तात हलला नाही, दारावर तो नित्य हलतच असतो. आणि आश्चर्य असे, की घरातील यच्चयावत् वस्तू नाहीशी झाली तरी कुलूप मात्र पुष्कळदा धडधाकट, बंद अवस्थेत, तुटलेल्या कोयंड्यासह पायरीवर पडलेले सापडते, आणि पंचांसमक्ष त्याची मुद्देमालात नोंद होते. ज्याने आपले कर्तव्य अखेरपर्यंत बजावले असा त्या घरात तेवढा एकच.

तथापि भयग्रस्त मनुष्य विचार करीत नाही, खरेदी करतो. मी बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानात जाऊन ‘सर्वांत भारी कुलूप दाखवा’ म्हणालो. दुकानदाराने माझ्याकडे वैद्य रोग्याकडे पाहतो तसे पाहिले.

“काका, दार कशाचं आहे?”

“मी कुलपाविषयी विचारतो आहे.”

“तेच सांगतोय. सात लिव्हरचं कुलूप घ्याल आणि कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर ठेवाल, तर चोराला कुलपाला हातसुद्धा लावावा लागायचा नाही.”

कुलुपाच्या पोटात ज्या लहान पट्ट्या असतात त्यांस लिव्हर म्हणतात. किल्लीच्या दात्यांनी त्यांतील प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली, रेसभरही कमी वा अधिक नाही, तरच आतला दांडा सरकतो. ही क्लृप्ती १७७८ साली रॉबर्ट बॅरन नामक इंग्रजाने काढली, आणि तेव्हापासून इंग्रजांस आपल्या कुलुपांचा जो गर्व जडला तो १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने उतरविला. चब कंपनीचे अभेद्य म्हणून मिरविणारे कुलूप त्याने सुमारे २५ मिनिटांत उघडले, आणि ब्रामा या कुलूपकाराच्या दुकानाच्या खिडकीत उघडणाऱ्यास २०० गिनींचे आव्हान देत कित्येक दशके ऐटीत बसलेले दुसरे कुलूप १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून मोकळे केले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला, अलीगढची कुलुपे तर खेडोपाडी पोहोचली, आणि हॉब्जच्या त्या चिकाटीला पुरून उरेल असा माल आज आमच्या बाजारात सहज मिळतो. अडचण एवढीच, की आमच्या जिल्ह्यातील चोरट्याजवळ ५१ तास नसतात. त्याच्याजवळ कटावणी असते.

सुतार आला, आणि दुकानदाराने केलेले निदान त्याने कायम केले. किंबहुना रोग अधिक खोल गेला असल्याचे सांगितले. “साहेब, कोयंड्याचं सोडा, चौकटीचे होल्डफास्टच भिंतीत धरलेले नाहीत. खांदा मारला तर दार, कुलूप, चौकट सगळं एकदमच आत येईल.” शिवाय त्याने असेही दाखवून दिले की बाहेर लोंबणारे कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी रस्त्यावरून वाचता येणारी नोटीसच होय. तेव्हा दाराच्या जाडीत कोरून बसविण्याचे, ज्याला व्यापारी लोक मॉर्टिस म्हणतात ते कुलूप घ्यावे, त्याचा दांडा दुहेरी फेऱ्याने चौकटीत खोलवर जाणारा असावा, त्याची पाटी तीन इंची स्क्रूंनी आवळावी आणि चौकट पुन्हा सिमेंटात धरावी, असा त्याचा सल्ला पडला. कुलूप पाहणाऱ्यास दिसूच नये, हे तत्त्व मला फार आवडले. ते आमच्याच जिल्ह्यात एका बँकेने माझ्याआधी अमलात आणले आहे, हे मागाहून ध्यानी आले.

काम दोन दिवस चालणार होते. मधल्या शनिवारी, जुन्याच कुलपाच्या भरवशावर, आम्ही उभयता शनिशिंगणापुरास गेलो. ज्या नेवासे तालुक्यात ज्ञानेश्वरांनी गीतेचे दार मराठीला उघडून दिले, त्याच तालुक्यात हे गाव आहे, आणि त्याची ख्याती अशी की तेथील घरांना दारेच नाहीत. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेल्या शिळेला गुराख्याने काठी टोचताच रक्त वाहिले, रात्री स्वप्नात येऊन शनिदेवाने ‘मला छप्पर नको, तुमचे रक्षण मी करीन’ असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. देव उघड्यावर राहिला, मग गावानेही दारे ठेविली नाहीत; फार तर कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला एखादी फळी टेकविलेली, नाहीतर पडदा सोडलेला. घोडेगावचा फाटा येईपर्यंत ‘अहो, मागच्या दाराची कडी नक्की लावली होती ना?’ हा प्रश्न मला तीनदा विचारण्यात आला. वाहनतळावर उतरल्यावर मी मोटारीला कुलूप लावले, दांडी दोनदा ओढून पाहिली, आणि मग सभोवार नजर टाकली, तो कुलूपरहित गाव पाहण्यास आलेला प्रत्येक भाविक आपल्या मोटारीची दांडी दोनदा ओढून पाहात होता.

या गावात चोरी करणाऱ्याची दृष्टी जाते, त्याच्यामागे साडेसात वर्षांची साडेसाती लागते, अशी श्रद्धा आहे. मी दंडविधान काढून ताडून पाहिले. राहत्या घरातील चोरीस १८६० च्या कायद्यात, कलम ३८० अन्वये, कमाल शिक्षा सात वर्षे. नव्या न्याय संहितेनेही ती तेवढीच ठेविली आहे. म्हणजे शनिदेवाची सजा सरकारी सजेहून बरोबर सहा महिन्यांनी जास्त; शिवाय तीत जामीन नाही, तारीख नाही, अपील नाही. याहून सूक्ष्म प्रश्न घरफोडीचा. जुन्या कलम ४४५ मध्ये घर ‘फोडण्याचे’ सहा प्रकार मोजून सांगितले आहेत: स्वतः वाट पाडून, मनुष्याच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने, कुलूप उघडून, जोरजबरदस्तीने, वगैरे. आता जेथे कुलूप नाही, कडी नाही, दारच नाही, अशा चौकटीतून एखादा इसम दिवसाढवळ्या ताठ मानेने आत गेला व तांब्या घेऊन बाहेर आला, तर त्याने चोरी अवश्य केली. परंतु घर ‘फोडले’ असे म्हणण्यास फौजदाराला त्या सहा कलमी यादीत जागा शोधावी लागेल. शिंगणापूरकरांनी घरफोडीचा गुन्हा नाहीसा करण्याचा जो उपाय काढला तो त्या दंडविधानाचा मसुदा रचणाऱ्या मेकॉलेला सुचला नव्हता: फोडण्याजोगे काही ठेवूच नये.

मात्र श्रद्धेलाही हद्द असते, आणि ती हद्द महसुली दप्तरातील हद्दीसारखीच वादग्रस्त असते. २०१० साली एका बाहेरगावच्या भाविकाच्या वाहनातून रोकड व चीजवस्तू मिळून ३५,००० रुपयांचा ऐवज गेल्याची फिर्याद झाली, पुढल्या वर्षी ७०,००० रुपयांच्या दागिन्यांची. गावाचे म्हणणे, हे प्रकार गावाच्या हद्दीबाहेरचे. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य आजवर मी केवळ पोलीस ठाण्यात ऐकले होते; देवाच्या वतीनेही ते म्हणता येते हे मला नवे होते. अखेरीस २०१५ च्या सप्टेंबरात शिंगणापुरास स्वतंत्र पोलीस ठाणे झाले. देवाचा अंमल ज्यांना ठाऊक नाही अशांसाठी ती सोय असावी. माझ्या सात लिव्हरांची भीती जशी त्या लिव्हरांची माहिती असलेल्यालाच वाटते, तशीच शनीची. एसटीतून प्रथमच उतरणाऱ्या परक्या इसमाला दोन्ही सारखीच अदृश्य.

आणि तेथील बँक! २०११ च्या जानेवारीत युको बँकेने गावात ‘कुलूपविरहित’ शाखा काढली, तेव्हा बँकांच्या सुरक्षेचे नियम आणि गावचा नियम यांची गाठ पडली. दोघांचाही मान राखण्यासाठी काचेचे दार बसविण्यात आले, आणि त्यात सहसा नजरेस न पडणारे, दुरून चालणारे विद्युत्चुंबकीय कुलूप. शनीची दृष्टी अत्यंत तीक्ष्ण असल्याचे पुराणे सांगतात. बँकेने भिस्त ठेविली ती त्याच्या सौजन्यावर.

घरी परतल्यावर माझेही अदृश्य कुलूप बसून झाले. पुढल्या रविवारी आम्ही राहुरीला लग्नास गेलो, आणि रात्री परत येतो तो अंगणात शेजारचे काका, काकू आणि आमचाच सुतार. दारावर कुलूप दिसेना, घंटा वाजवून कोणी दार उघडीना, तेव्हा आत काही बरेवाईट झाले असावे अशा समजुतीने काकांनी दार फोडण्याकरिता त्याला बोलावून आणले होते. तो कटावणी हातात घेऊन पायरीवर बसला होता. “मी बसवलंय ते,” तो खिन्नपणे म्हणाला, “नाही निघायचं.” त्याच्या हेलपाट्याचे २०० रुपये मी दिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी जुने कुलूप माळ्यावरून काढून जुन्याच कोयंड्यात अडकविले. ते आता लागत नाही, नुसते लोंबते. पण रस्त्यावरून स्वच्छ दिसते.