यंदा नक्की

आमचा आतेभाऊ 2008 पासून एडिसनहून परत येतोय. लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा म्हणाला होता, "अमेरिकेचं काही खरं नाही." 2022 साली अर्थव्यवस्थेच्या आकारात भारताने ब्रिटनला मागे टाकलं, तेव्हा त्याने पेढे वाटले, न्यू जर्सीत. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं, तशी त्याची देशभक्ती पुन्हा उसळली. वास्तविक त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे.

डिसेंबरात त्याच्याबरोबर बाणेरला फ्लॅट बघायला गेलो. स्वारीने आधी नळ सोडून पाहिला, मग वॉचमनला दिवसाला टँकर किती येतात ते विचारलं, आणि गॅलरीत उभं राहून मोबाइलवर डॉलरचा भाव काढला. नव्वदच्या आसपास. चेहरा खुलला.

"भारत महासत्ता होणारच रे," तो म्हणाला, "फक्त रुपया इतक्यात वर यायला नको. बुकिंग तर होऊ दे!"

घरी आत्या मेतकूट घेऊन बसली होती. "बरणीत भरू की पिशवीत?"

"पिशवीतच भर. बॅगेत बरणी फुटते."