हल्लेखोराने जरा थांबावे

आईला फोनवर सांगितलं, "अगं, मी सध्या पंखा शिकतोय." ती म्हणाली, "बरं झालं. आलास की हॉलमधला बघ. कधीचा घरघरतोय."

कंपनीने वर्षभरासाठी दक्षिण कोरियात, सुवॉनला धाडलेला सत्तेचाळीस वर्षांचा माणूस संध्याकाळी करणार काय? खोलीवर जाऊन भात लावणार आणि बायकोला व्हिडिओ कॉलवर तो भात दाखवणार. त्यापेक्षा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दोजांगमध्ये नाव घातलं. दोजांग म्हणजे आखाडा, आणि तिथली कला हापकिदो. पंख्याचे डाव, ज्यांना 'बुछेसुल' म्हणतात, हा खरं तर काळ्या पट्ट्यानंतरचा विषय. पण जुलैच्या उकाड्यात वर्ग ओस पडतो, म्हणून आमच्या साबमनिमनी, म्हणजे गुरुजींनी, प्रौढांसाठी खास पंख्याचा महिना काढला. माझा पट्टा पांढरा, तोही धुऊन आटलेला. हिशेब साधा होता : काहीच जमलं नाही तर वारा तरी घेता येईल.

हापकिदोबद्दल मला आपुलकी वाटते त्याचं कारण निराळंच आहे. या कलेचे मूळपुरुष चोई योंग-सुल महायुद्धानंतर जपानातून परतले आणि देगू शहरात डुकरं पाळू लागले. 1948 साली एका मद्याच्या कारखान्यावर ते डुकरांसाठी कोंडा घ्यायला गेले असताना रांगेत भांडण जुंपलं, आणि अंगावर आलेल्यांना त्यांनी एकेक करून लोळवलं. मालकाचा मुलगा सो बोक-सोप हे पाहत होता. तो स्वतः ज्युदोतला काळा पट्टेवाला. त्याने चोईंना आत बोलावून सांगितलं, मला शिकवा, धान्य मी देतो. म्हणजे एक अख्खी युद्धकला कोंड्याच्या रांगेतून बाहेर पडली. आमच्या वाड्याजवळच्या रॉकेलच्या रांगेत किती कला जन्मता जन्मता राहिल्या असतील याचा विचार करून मला हळहळ वाटली.

मिटलेला पंखा म्हणजे दीड वितीचं दांडकं. कुणी आपलं मनगट धरलं, की पंखा त्याच्या मनगटाच्या हाडावर आडवा टेकवायचा, पलीकडचं टोक दुसऱ्या हाताने पकडायचं आणि आपल्या पोटाकडे ओढत खाली दाबायचं. बस्स, एवढंच. माझ्या जोडीला आल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई. वय साठीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याला. मी त्यांचं मनगट धरलं, त्यांनी पंखा टेकवला, आणि मी सतरंजीवर गुडघे टेकून बसलो होतो, नवस फेडायला आल्यासारखा. मध्ये काय घडलं ते मला अजून आठवत नाही. बाईंनी काळजीने विचारलं, "पुरे का?" मी आपल्या पद्धतीने मान डोलावली. आपली ही मान तिकडच्या लोकांना 'नाही' म्हणाल्यासारखी दिसते. त्यांनी आणखी दाबलं.

उघडलेल्या पंख्याचं काम वेगळं. तो समोरच्याच्या डोळ्यांपुढे फर्रकन उघडायचा. त्याच्या पापण्या आपोआप मिटतात, आणि तेवढ्यात लाथ. सगळी मदार त्या 'फर्र'वर. अंगठ्याने वरची पट्टी किंचित पुढे सारायची आणि मनगटाला एक झटका, हे साबमनिम बोलता बोलता, दाराकडे बघत करायचे. माझा पंखा तीन पट्ट्या उघडायचा आणि कुरकुरत अडायचा, गेल्या पावसाळ्यात मिटून ठेवलेल्या छत्रीसारखा. मग मी डाव्या हाताने तो ताणायचो, एक पट्टी उलटी वळायची, ती सरळ करायचो. तोवर हल्लेखोर झालेल्या औषधवाल्या बाई मूठ उगारून ताटकळत उभ्या. एकदा तर उगारलेल्याच हाताने त्यांनी केस नीट करून घेतले.

साबमनिम म्हणायचे, पंखा शस्त्र वाटत नाही हीच त्याची ताकद. राजदरबारात हत्यार नेता येत नसे, पंखा नेता येई. दरबारी इतिहास प्रत्येक युद्धकलेला असतोच. माझा विश्वास कोंड्याच्या रांगेवर जास्त.

दोष पंख्याचा असणार असं वाटून एका रविवारी मी जोंजूला गेलो. तिथे जोसोन राजवटीत पंखे घडवणारी सरकारी कचेरीच होती. पाचव्या चांद्रमहिन्याच्या पंचमीला, दानोच्या सणाला, राजा दरबाऱ्यांना पंखे वाटायचा, ते इथून जात. तिथला नामांकित पंखा म्हणजे हापजुकसॉन. बांबूच्या वरच्या सालीचे पापुद्रे काढून दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवतात, म्हणजे पट्टीला दोन्हीकडून साल. डिंक माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला. वर हांजी कागद. पन्नास पट्ट्यांचा पंखा फक्त राजघराण्याने वापरायचा. हापजुकसॉनमधला 'हाप' आणि हापकिदोतला 'हाप' एकच, अर्थ जोडणे. किंमत ऐकल्यावर मी दोन्ही हात जोडले. शेवटी शेजारच्या दुकानातून साधा लाकडी पंखा घेतला. तोही तीन पट्ट्यांवर अडला.

आमच्या घरमालकीण आजींना पंख्याचं भय होतं, पण विजेच्या. बंद खोलीत रात्रभर पंखा लावून झोपलं तर माणूस सकाळी मेलेला सापडतो, ही कोरियात घरोघरी रुजलेली समजूत. तिला शास्त्राचा आधार नाही, तरी 2006 मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण मंडळाने तसा इशारा देऊन ठेवला होता. माझ्या खोलीतल्या पंख्याला टायमर होता आणि आजी तो लावला का हे रोज दारावर टकटक करून विचारायच्या. बाहेर पाऊस, आत मी घामाने निथळतोय, रात्री अकराला पंखा बंद. एकदा मी मोठ्या ऐटीत त्यांना माझा नवा पंखा दाखवला आणि हातवारे करून सांगितलं की याने मी माणसाला मारू शकतो. एका हातात किमचीचा डबा होता, दुसऱ्या हाताने त्यांनी पंखा घेतला. फर्र. पूर्ण उघडला. दोनदा वारा घेतला, मिटला, परत दिला आणि विचारलं, "टायमर लावलास?"

निघायच्या दिवशी इन्चॉन विमानतळावर पंखा मुद्दाम हातातल्या बॅगेत ठेवला. खरं सांगायचं तर तो जप्त व्हावा अशी माझी फार इच्छा होती. पुण्याला गेल्यावर सांगायला बरं : "हत्यार होतं ना, काढून घेतलं त्यांनी." बॅग यंत्रातून बाहेर आली आणि खरोखरच बाजूला काढली गेली. माझी छाती दोन इंच फुगली. तपासणीच्या टेबलामागे विशी-बाविशीची पोरगी होती. तिने माझा चार्जर काढला, चिवड्याची उरलेली पुडी काढली, ती हुंगली, आणि मग पंखा हातात घेतला.

"हे काय?"

"बुछेसुल," मी गंभीरपणे म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, अंगठा किंचित सरकवला, फर्र, आणि मान वर करून गळ्याशी जरा वारा घेतला. मग पंखा मिटून चिवड्यावर ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.