टोप कोणी घ्यायचा? ट्रेकिंग ग्रुपमधल्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

सुरुवात बुटांपासून. बूट नवेकोरे नसावेत. नवे बूट घालून आलेल्याकडे जुनी मंडळी फार प्रेमानं बघतात, आणि ते प्रेम पुढे महागात पडतं. नवेच घेतले असतील तर आठवडाभर तेच घालून भाजी आणायला जा. फोड यायचे ते मंडईत येऊ द्यात, राजगडाच्या चोरदरवाजाखाली नकोत.

सॅकमध्ये तीन लिटर पाणी, टॉर्च, जादा मोजे, मीठ-साखर आणि कपडे कोरडे राहावेत म्हणून प्लास्टिकची पिशवी. हे सगळं खरंच घ्या, यात गंमत नाही. खर्च टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. हिशोब शेवटी होतो आणि दर वेळी सात रुपये कमी भरतात. ते तुम्ही देता.

शनिवारी संध्याकाळी स्वारगेटला, एसटीची वाट बघताना, सामाईक सामानाची वाटणी होते. इथे डोळे उघडे ठेवा. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, तेलाची बाटली आणि टोप फलाटावर मांडले जातात. त्याच क्षणी जुन्या सभासदांच्या बुटांच्या नाड्या सुटतात. सगळे खाली वाकतात, आणि सरळ होतात तेव्हा एकाच्या हातात तांदूळ असतो, दुसऱ्याच्या डाळ. तांदूळ रात्रीच पोटात जातो. टोप कुठेही जात नाही. तुम्ही मात्र उचलून बघता, हलका लागतो, आणि म्हणून जाता, "मी घेतो ना!" तो सॅकमध्ये मावत नाही. मग सुतळीनं बाहेर बांधतात आणि पावलागणिक तो पाठीत ठण् करतो.

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात, देवळाच्या ओसरीवर मुक्काम, तीन दगडांची चूल, खिचडी. चुलीवर ठेवण्याआधी टोपाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी धरत नाही. ही युक्ती तुम्हाला सांगतात, पण टोप काळाकुट्ट झाल्यावर.

सकाळी तुम्हाला एक साधा प्रश्न पडेल: स्वयंपाक झाला, तर टोप इथेच ठेवला तर? विचारू नका. चढायचं चोरदरवाजानं आणि उतरायचं पाली दरवाजानं वाजेघरकडे. तेव्हा टोपालाही राजगड बघावा लागतो.

चढावर "अजून किती?" असं विचारलंत की उत्तर एकच: "पाच मिनिटं." हे लीडरचं एकक आहे, घड्याळाशी त्याचा संबंध नाही. एका पाच मिनिटांत मी दोन लिटर पाणी संपवलंय. घसाऱ्यावर बसकण मारू नका. अंग जरा तिरकं ठेवून, पाऊल आडवं टाकून उतरा. रेलिंग असलं तरी कातळावर नियम पक्का: दोन हात, दोन पाय, यांतले तीन आधार घट्ट असतील तेव्हाच चौथा हलवायचा. टोप पाचवा. तो आपणहून हलतो.

पद्मावती माचीवर लीडर इतिहास सांगायला उभा राहतो. रायगडाआधी राजधानी इथेच होती. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत हाही आहे. माहिती चोख असते, फक्त तो ती उन्हात सांगतो. तुम्ही मान डोलवत सावली शोधा. बालेकिल्ल्यावरून मात्र तोरणा दिसला की गप्प बसा. तिथे जुनेही गप्प बसतात, आणि पाच मिनिटं खरोखर पाच मिनिटांची होतात.

उतरताना तांदूळवाला रिकामी सॅक घेऊन शीळ घालत पुढे जाईल. त्याला हाक मारून उपयोग नाही.

परतल्यावर स्वारगेटला सगळ्यांना एकदम घाई होते. कोणाची बस येते, कोणाला घ्यायला भाऊ आलेला असतो. टोप तुमच्या पाठीवर राहतो. घरी आई तो राखेनं घासताना विचारते, "कुणाचा आहे रे हा?" ग्रुपवर विचारून बघा, दहा वर्षं जुन्या माणसालाही ठाऊक नसतं. परत म्हणून जायचं नाही, असं तुम्ही तेवढ्यात ठरवलेलं असतं.

गुरुवारी मेसेज येतो: "रविवारी तोरणा. येताना टोप आण."