किल्ली घेण्याआधीच रामराम

यवतमाळात खोली किरायाने घ्यायला गेलं की आधी मुलाखत होते. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, मटण खाता का, पाहुणे किती येतात, मिसेस सोबत राहणार की मागाहून येणार? मग आधार कार्ड, पॅन कार्ड, दोन फोटो आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म. हे सगळं निमूटपणे देऊन झाल्यावर तुम्ही हळूच विचारा, "काका, घराची टॅक्स पावती दाखवता का?" काकांचा चेहरा असा होतो की जणू तुम्ही त्यांच्या लग्नाचा दाखला मागितला. मग तुम्हीच ओशाळता, "राहू द्या, सहज विचारलं" म्हणता आणि टोकन काढून देता.

आता तो करारनामा वाचा. तहसीलसमोर टाइप करून घेतलेला. आधीच्या किरायदाराचं नाव व्हाइटनरने पुसून तिथं तुमचं लिहिलेलं. पण दुसऱ्या पानावर खाली तो गृहस्थ अजून राहतोच आहे. मालकाने सांगितलं की आठ दिवसांत घर रिकामं करायचं, तुम्ही मात्र मुदतीआधी सोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचा किराया भरायचा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल? त्या जागी टिंबं. पैसे पाठवायला तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करता, तर करारावर एक नाव आणि मोबाइलच्या पडद्यावर भलतंच. विचारलं तर उत्तर तयार असतं, "माह्या साळ्याचं खातं हाय ते. तुम्ही काही टेन्शन घेऊ नका भाऊ."

भाऊ, टेन्शन घ्यायची हीच वेळ आहे. सामानाचा ऑटो दारात लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

"रजिस्ट्रेशनच्या भानगडीत पडू नका, नोटरी केली की झालं, तुमचाच खर्च वाचतो," हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. हिशेब करून बघा. महिना सहा हजार किराया, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे दोनशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार रुपये. वरचा किरकोळ खर्च धरला तरी दीड हजाराच्या घरातला मामला, आणि तोही घरबसल्या ऑनलाइन होतो. वर्षाला साठ-सत्तर हजार किराया घेणाऱ्याला एवढ्यासाठी तुमच्या खिशाची काळजी वाटत असेल, तर काळजी खिशाची नसून नोंदीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदणी करून देणं ही मालकाची जबाबदारी. ती पाळली नाही तर अटींबाबत किरायदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवून दाखवावं लागतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरीचा शिक्का कितीही गोल आणि लाल असला तरी तो म्हणजे नोंदणी नव्हे.

दुसरं वाक्य, "पाणी चोवीस तास". २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ दाखवला आणि अख्खं यवतमाळ टँकरच्या मागे धावलं. त्या गावात कोणी चोवीस तास पाण्याची हमी देत असेल तर ती करारात लिहून मागा. लिहायला हात आखडला की समजून जा.

एवढं सगळं दिसूनही माणूस मागे का फिरत नाही? भीड. "आता शब्द दिला, काका काय म्हणतील?" काका काही म्हणणार नाहीत, बाप्पा, काका दुपारपर्यंत दुसऱ्याला तीच खोली दाखवतील. आणि माघारीची लाज वाटायला आपण राहतो कुठं? जानेवारी २०१९ मध्ये याच यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं रीतसर आमंत्रण गेलं आणि त्या येण्याच्या ऐन तोंडावर ते परत घेतलं गेलं. पाहुणीला दारातूनच परत पाठवून जिथं मांडव उभा राहिला, तिथं तुम्हाला पाच हजारांचं टोकन परत मागायला संकोच वाटतो!

वेळेत बाहेर न पडल्यास काय होतं, त्याचा नमुनाही घरचाच आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे. रूळ इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीचे, गाडी चालवणार सरकार. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, ही तेवढी राहून गेली. वाफेचं इंजिन १९९४ मध्ये जाऊन डिझेल आलं, तरी कंपनीचा करार सुटेना. आता गाडी बंद आहे.

एक मात्र किरायदारांनाही सुनावलं पाहिजे. शंका वेगळी आणि लहर वेगळी. तीन ठिकाणी टोकन देऊन ठेवायचं, मग दत्त चौकाजवळची खोली मिळाली म्हणून बाकी दोघांचे फोन उचलायचे नाहीत, याला सावधपणा म्हणत नाहीत. मालकाने तुमच्यासाठी खोली अडवून ठेवली असेल, त्याचं खरंच नुकसान झालं असेल, तर वाजवी भरपाई त्याला मिळायला हवी. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ तेच म्हणतं: वाजवी. कागदावर दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो अख्खा आपोआप खिशात पडत नाही. आणि फसवून किंवा खोटं सांगून सही घेतली असेल, तर कलम १९ प्रमाणे फसलेल्याला करार रद्द करता येतो. पोट-किरायदार स्वतःला मालक म्हणवून टोकन घेतो तेव्हा दुसरं काय असतं?

तेव्हा माघार घ्यायची तर तोंडी नको. व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहा: अमुक कागद मागितला होता, मिळाला नाही, किल्ली घेतलेली नाही, ताबा घेतलेला नाही, सामान ठेवलेलं नाही, टोकन अमुक तारखेपर्यंत परत करावं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. करार आधीच नोंदला गेला असेल तर मात्र नोटिशीचा काळ आणि लॉक-इनची अट वाचल्याशिवाय एक शब्द लिहू नका. तिथं वकिलाची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

आणि घर न बघताच, फोटोवर भाळून, "आर्मीत आहे, बदली झाली, किल्ली कुरिअरने पाठवतो" म्हणणाऱ्याला पैसे पाठवून बसला असाल, तर शेजाऱ्याचा सल्ला नंतर घ्या. आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तरच ते अडवता येतात.