तिला कुठे उभी करायची?

आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात दोन गोष्टींवर प्रत्येकाचं ठाम मत असतं. एक, मुरबाडला रेल्वे कधी येणार. आणि दोन, कबड्डीच्या संघात कोणाला कुठे उभं करायचं. रेल्वेवरची मतं आता वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत. कबड्डीवरची मात्र दरवर्षी नवी निघतात. भात झोडून झालं, रात्री अंगावर गोधडी यायला लागली, की मोकळ्या शेतात चुन्याच्या रेषा पडतात, हॅलोजन लागतात आणि एरवी ग्रामसभेत तोंड न उघडणारी माणसं लाऊडस्पीकरवरच्या समालोचकाला खालून दुरुस्त करायला लागतात.

यंदा वादाला एक मुलगी मिळाली आहे. एफवायला आहे. घर किन्हवलीच्या बाजूला, म्हणजे तालुका शहापूर. कॉलेज मुरबाडला. मामाचं गाव धसईकडे, म्हणजे पुन्हा मुरबाड. त्यामुळे 'आपली पोरगी' म्हणायला दोन्ही तालुके मोकळे आहेत, आणि संघ जिंकला की दोन्ही म्हणतात. हरला की शहापूरवाले 'मुरबाडच्या कॉलेजनं वाया घालवली' असं म्हणतात आणि मुरबाडवाले 'शहापूरचं पाणी' एवढंच बोलून थांबतात. (शहापूरच्या पाण्याबद्दल खरं तर मुंबईकरांनी बोलावं. भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात अडवून त्यांच्या नळाला जातात आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. पण तो वाद वेगळा, आणि त्यात पंच कधी शिट्टीच वाजवत नाहीत.) तिचं नाव मी इथे लिहीत नाही. अठराव्या वर्षी एखादीचं नाव जेवढं लोकांच्या तोंडी असावं, त्यापेक्षा तिचं आधीच जास्त आहे.

वाद असा की कॉलेजचे सर तिला पहिल्या सातांत उतरवत नाहीत. पहिला डाव ती कडेला टॉवेल खांद्यावर टाकून बसते. दुसऱ्या डावात येते, आणि आली की सामना फिरवते. मग लोकांचं साधं गणित: अर्ध्या वेळात एवढं करते, तर पूर्ण वेळ दिला तर किती करेल? हे गणित कागदावर बिनचूक आहे. कबड्डी कागदावर खेळतात की नाही, हा प्रश्न किन्हवलीच्या कट्ट्यावर कोणी विचारत नाही.

तिची चढाई मी जवळून पाहिली आहे, रेषेच्या अगदी कडेला बसून. मुलींचं मैदान लांबीला १२ मीटर, रुंदीला ८. चढाईला वेळ ३० सेकंद. आत जाण्याआधी ती वाकून मध्यरेषेला हात लावते आणि तोच हात कपाळाला. मग पहिली दहा सेकंदं काहीच करत नाही. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बाजारात भाव न विचारता नुसती फिरणारी बाई जशी फिरते तशी फिरते. समोरच्या मुली हात धरून सरकतात, कोपऱ्यातली पुढे वाकते. एवढ्यात डावा पाय हवेत, उजवा अंगठा बोनस रेषेपलीकडे टेकून परत. पंचांचा अंगठा वर जातो तेव्हा प्रेक्षकांतल्या निम्म्यांना काय झालं ते कळलेलंही नसतं. बोनस गेला या रागात कोपऱ्यातली तिच्या घोट्यावर झेप घेते, आणि तिला हेच हवं असतं. कंबर वळते, हात मागे जातो, कोपऱ्यातलीच्या पाठीला तिची बोटं लागतात आणि ती मध्यरेषेवर आडवी पडते. दोन गुण. उठताना ती गुडघ्यावरचा निळा पट्टा वर ओढते. हाताला त्या दिवशी मेंदी होती, कोणाच्या तरी हळदीची. सामन्याआधी पंच नखं तपासतात आणि अंगाला तेल नाही ना ते बघतात. त्यांनी मेंदीकडे बराच वेळ पाहिलं. नियमात मेंदीबद्दल काही नाही.

तर कट्ट्यावरची मतं. कट्टा म्हणजे एका मावशींच्या वड्यांच्या गाडीपुढची दोन बाकं. निवृत्त कंडक्टर काका म्हणतात, तिला उजव्या कोपऱ्यात उभी करा, चढाई दुय्यम. ते स्वतः तरुणपणी उजव्या कोपऱ्यात खेळायचे, तेव्हा या खेळाला ते अजून हुतूतूच म्हणत. औषधाच्या दुकानाचे मालक म्हणतात, तिला फक्त बोनससाठी पाठवा, समोर सहा किंवा सात जणी असताना, नंतर काढून घ्या. ते आयुष्यभर सुटे पैसे मोजत आले आहेत. तिसरे जीपवाले भाऊ. यांचं मत सगळ्यांत कडक: पहिल्या मिनिटापासून उतरवा, शेवटच्या मिनिटापर्यंत ठेवा, सरांना कळत नसेल तर सर बदला. हे भाऊ मुरबाडहून जीप बरोबर सहाला सोडतात, सीट भरो न भरो, आणि पावणेसातला कट्ट्यावर हजर. त्यांच्यावाचून वादाला फोडणी पडत नाही.

एकूण असं दिसतं की जो तो तिला तिथे उभी करतो जिथे तो स्वतः उभा होता, किंवा जिथे त्याला कोणी उभं केलं नाही. मी शाळेत खो-खोमध्ये बहुतेक वेळ खांबाजवळ बसून काढला. माझं मत तिनं थोडं बसावं असं आहे. ते मी कट्ट्यावर मांडलेलं नाही.

तिच्या दमाचं श्रेय कोणाला, यावर उपवाद आहे. एक पक्ष नाचणीच्या भाकरीचा. दुसरा, लहानपणापासून डोक्यावर हंडा घेऊन चढ चढल्याचा. तिसऱ्या पक्षाला ती माहुली गडावर धावत जाते असं कळलं आहे; कोणाकडून ते माहीत नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, सर रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. हे उत्तर कोणालाच आवडलेलं नाही.

माझा भाचा अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात नोकरीला आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, मामा, इथे हेच चालू असतं, फक्त बास्केटबॉल. तिथल्या विद्यापीठाच्या मुलींच्या संघात २०२३ साली मिलेशिया फुलवायली नावाची मुलगी पहिल्या वर्षाला आली. मुलगी त्याच शहरातली, कोलंबियाची. म्हणजे तिथली किन्हवलीची म्हणा. चेंडू हातात आला की स्टेडियम उभं राहायचं. आणि प्रशिक्षक डॉन स्टेली तिला सुरुवातीला बसवून ठेवायच्या, मग आत पाठवायच्या. गावात सलूनपासून चर्चपर्यंत एकच विषय: आपल्या पोरीला पहिल्या पाचांत का नाही?

त्या वर्षी तो संघ एकही सामना हरला नाही, ३८ पैकी ३८. एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यात समोर आयोवा होतं आणि त्यांची कॅटलिन क्लार्क, जिच्यापायी अख्खी अमेरिका टीव्हीसमोर बसली होती. सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी तो सामना पाहिला; मुलांचा अंतिम सामना पाहणारे १ कोटी ४८ लाखांच्या आसपास. क्लार्कनं पहिल्या सत्रातच १८ गुण काढले, एकूण ३०. तरी आयोवा ७५–८७ असं हरलं. दक्षिण कॅरोलिनासाठी सर्वांत जास्त, १९ गुण केले टेसा जॉन्सननं. तीही पहिल्या वर्षाचीच आणि तीही बाकावरूनच आलेली. त्या सामन्यात बाकावरून उठून आलेल्या मुलींचे गुण ३७, आणि आयोवाच्या बाकाचे शून्य.

हे मी कट्ट्यावर सांगितलं. माझ्या पक्षाला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नव्हता. कंडक्टर काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती गाववाली पोर? तिचं पुढं काय झालं?" मला खोटं बोलता येईना. २०२५ मध्ये ती तो संघ सोडून लुइझियानाच्या विद्यापीठात गेली. "बघा!" जीपवाले बाकावर हात आपटून म्हणाले. एक सुवर्णाक्षरी मोसम त्या 'बघा'खाली गाडला गेला.

आमच्या भागाला अशा पळापळीचं दुःख नवं नाही, आणि अभिमानही नाही. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून २४–२७ अशा हरल्या. त्याआधीची दोन्ही सुवर्णं, २०१० आणि २०१४ ची, आपलीच होती. भारताच्या संघात आपल्याकडच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे होत्या. आणि इराणच्या मुलींना शिकवत होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या संध्याकाळी शहापूरला काय वाटावं हेच कळेना. नाशिकचा रस्ता आमच्या दारावरून जातो. शेवटी कोणीतरी तोडगा काढला की रुपं देशाचं आणि सुवर्ण हायवेचं. पाच वर्षांनी हांगझोऊला तैवानच्या मुलींना २६–२५ असं एका गुणानं हरवून सुवर्ण परत आलं, तेव्हा संघात स्नेहल शिंदे आणि पुन्हा सोनाली शिंगटे होत्या. एका गुणानं! तो एक गुण कोणाच्या भूमिकेमुळे आला, यावर आमच्याकडे अजून सुनावणी चालू आहे.

खरा फरक मात्र पडला २०१२ मध्ये. पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला, भारत जिंकला आणि संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे यांना, राज्य सरकारनं एकेक कोटीचं बक्षीस जाहीर केलं. कोटी हा आकडा आमच्याकडे तोपर्यंत फक्त जमिनीच्या व्यवहारात ऐकू यायचा. त्यानंतर ज्या घरांतून 'पोरीच्या जातीनं मातीत काय लोळायचं' असं ऐकू यायचं, तिथून 'सराव किती वाजता असतो?' असं ऐकू येऊ लागलं. हे आकड्यामुळे झालं म्हणून त्याला कमी लेखायचं कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. या कट्ट्यावर मी वर्षानुवर्षं बसतो. गावातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा विषय निघाला की तो दुसऱ्या नाही तर तिसऱ्या वाक्याला 'कुठे बघताय का?' वर यायचा. स्थळ, शेती, मुलगा कंपनीत कायम आहे की कंत्राटी. या मुलीवर दिवाळीपासून घासाघीस चालू आहे. तिचा डावा गुडघा, उजवा खांदा, ती दम कुठे घेते, सगळं तपशिलानं बोलून झालं आहे, आणि लग्नाचा 'ल' अजून कोणाच्या तोंडून आलेला नाही. मी वाट पाहतोय. कोणाला आठवण करून देणार नाही.

अर्थात कौतुकाची भाषा कधी घसरेल सांगता येत नाही. पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत आम्ही सगळे गेलो होतो. बैलांच्या बाजारात उभं राहून कंडक्टर काका एका गिऱ्हाइकाला या मुलीचं वर्णन ऐकवू लागले: पोटऱ्या कशा भरल्यात, खांदा कसा रुंद, चाल कशी सरळ, अजून वय कोवळं. गिऱ्हाईक माना डोलवत होतं आणि बहुधा किंमत विचारण्याच्या बेतात होतं. वडेवाल्या मावशी मागेच होत्या. "पोर हाय ती, बैल नाय," एवढंच म्हणाल्या. काका त्यानंतर घोंगड्यांच्या रांगेत बराच वेळ घोंगड्या चाचपत राहिले.

गेल्या आठवड्यात ती स्वतःच कट्ट्यावर आली, वडे बांधून घ्यायला. ज्याच्याबद्दल आपण रोज बोलतो ते माणूस समोर आलं की बोलायचं काय, हा प्रसंग कट्ट्यावर पहिल्यांदाच आला. औषधवाल्यांनी उगाच मोबाईल काढला. शेवटी काकांनी धीर केला. "बाय, तूच सांग. तुला कुठे खेळायचंय? कोपरा का चढाई?"

"सर सांगतील तिथं."

सगळ्यांचे चेहरे उतरले. एवढ्या मोसमाच्या वादाचा हा निकाल?

"पण मग सर तुला सुरुवातीपासून का उतरवत नाहीत?" जीपवाले पुढे सरकले. "आम्ही येतो सरांकडे. अन्याय आहे हा."

ती पुडी पिशवीत ठेवत म्हणाली, "अन्याय कसला, भाऊ? पकडीचा आणि साखळीचा सराव शेवटी असतो, सहानंतर. तेव्हा मी तुमच्या जीपमध्ये असते. सातही जणींचं एकत्र बसलेलं नसेल तर पहिल्यापासून कसं उतरवणार? ताई चिडतात, साखळी तुटते म्हणून." ताई म्हणजे टीवायची कर्णधार, डावा कोपरा. मग पैसे देऊन ती गेली.

मावशींनी कढईतला झारा काढला आणि जीपवाल्यांकडे बघितलं. औषधवाल्यांनीही बघितलं. मी बघणार नव्हतो, पण बघितलं.

"सहाला सोडली नाय तर इथं पोचू कधी?" भाऊ म्हणाले, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

आता जीप किती वाजता सोडावी यावर वाद आहे. भाऊ सव्वासहापर्यंत आले आहेत. औषधवाल्यांनी सराव, थंडावण्याचे व्यायाम आणि कपडे बदलणं यांची मिनिटं जोडून सहा बावन्न काढली आहेत. कंडक्टर काकांचं म्हणणं, आयुष्यभर वेळापत्रक मी चालवलं, तेव्हा यात बाकीच्यांनी तोंड घालू नये. आणि सरळगावला किती थांबायचं ते आधी ठरवा. मावशी म्हणतात, सातला सोडा, पण मग वडे किती वाजता तळायला घेऊ ते आजच सांगा, तेल महाग झालंय.