पाणी पिणारी गाडी

हरित इंधनाच्या जाहिरातीत धूर नसतो, आणि विहीरही नसते. नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. साखर कारखान्यांच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. तिथे उसाला बंदी, शेतीसाठी बोअरवेललाही. म्हणजे सरपंच म्हणून गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारने मोटारीला पाणी पाजायला केव्हाच नकार दिला आहे! कोणी म्हणेल, इथेनॉल मळीपासून, मक्यापासूनही होते. खरे आहे, पण मळी आभाळातून पडत नाही, आणि मका उसापेक्षा कमी पितो म्हणून कोरडाच वाढतो असे नाही. तेलाची आयात घटते, हेही मान्य. पाण्याची आयात मात्र कुठल्याच बंदरात उतरत नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळणाऱ्यांनी पंपावर दराशेजारी पाण्याचा आकडाही लिहावा.